जाहिदाबाईची मूठ

मूल गावच्या बाजारात जाहिदाबाईच्या दुकानाला पाटी नव्हती. नवरा नवाबभाई, त्याच्या सायकल दुरुस्तीच्या टपरीला लागून एक फळी, फळीमागे काचेच्या बांगड्यांच्या माळा आणि समोर गोणपाट, एवढंच दुकान. गिऱ्हाईक समोर बसायचं आणि आपला हात बाईंच्या मांडीवर ठेवून द्यायचं. तिथून पुढे तो हात गिऱ्हाइकाचा राहत नसे.

बांगड्या भरणं बघायला सोपं वाटतं. पण अंगठ्याखालचा सांधा जोरात दाबला तर हात आखडतो, सैल धरला तर बांगडी अडकून बसते. जाहिदाबाई बोलता बोलता दाबायच्या. माहेर कुठलं, यंदा धान कसं झालं, नणद अजून तशीच आहे का. बिचारी नणदेचं सांगायला तोंड उघडते न उघडते तोच बांगडी मनगटावर. धानाची रोवणी करून हात लाकडासारखे झालेल्या बायका मुद्दाम त्यांच्याकडे येत. एकदा एकीनं विचारलं, बाई, तुमच्या हातात असं काय आहे? तर म्हणाल्या, "माह्या हातात काई नाई. तुहा हात कवा सैल होते तेवढं मले समजते."

ही बाई पुढे मासे पकडण्यात नाव काढेल असं तेव्हा कोणी म्हटलं असतं तर बाजार हसला असता. ते नाव नवाबभाईचं होतं.

गावाबाहेर मालगुजारांच्या काळातला तलाव आहे. मासेमारीचा ठेका ढिवरांच्या सोसायटीकडे आणि सोसायटीचा कारभार मुखरूभाऊकडे. जाळं फक्त सोसायटीचं. गावातल्या हौशी लोकांना रविवारी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून गरी टाकायची मुभा होती आणि ज्याची त्याची जागा ठरलेली होती. तिला बैठक म्हणत. होळीनंतर पाणी उतरलं की मुखरूभाऊ एक सकाळ ठरवायचा. त्या दिवशी दुपारच्या आत आपल्या बैठकीवरून कोपरभर, म्हणजे बोटांपासून कोपरापर्यंत लांबीचा मासा काढून दाखवला तर बैठक पुढच्या होळीपर्यंत आपली. नाही निघाला तर मागेल त्याची.

नवाबभाईची बैठक बेहड्याच्या झाडाखाली होती. अख्ख्या पाळीवर उन्हात सावली देणारी ती एकच जागा. बाजूला बायकांचे भांडी घासायचे दगड. तिथे बसून तो दिवसभर बोलायचा. राईस मिलमधल्या भानगडी, निवडणूक, कोणाचा बैल कोणाच्या वावरात शिरला, सगळं. आणि बोलता बोलता उठून गरी फेकायचा. सायकलच्या सीटखालची स्प्रिंग कापून तिच्यावर तो धानाचा कोंडा आणि शेंगदाण्याची ढेप यांचा ओला गोळा दाबायचा. गोळ्याबाहेर वीतभर दोऱ्यावर गळ, गळाला भिजवलेला चणा. दोरा डोक्याभोवती गरगरा फिरवून सोडला की गोळा कमळांच्या पानांपलीकडे जाऊन पडायचा. तो पाण्यात हळूहळू विरघळतो, वासानं रोहू येतो, भुगा ओढता ओढता चणाही ओढतो आणि स्प्रिंगच्या वजनाचा हिसका बसून आपोआप अडकतो. इतक्या लांब दुसऱ्या कोणाचाच गोळा जात नसे.

मग त्याचा उजवा खांदा मोडला. स्वतः दुरुस्त केलेल्या सायकलचा ब्रेक बघायला गेला आणि ब्रेक लागला नाही. बाजार आठवडाभर हसला. हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर जाईना. टपरी तो उघडायचा, पंक्चरही काढायचा, पण गप्प. रविवारी घरात भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. मुलगी शिरीन बल्लारशाहला दिलेली, त्यामुळे घरात ही दोघंच. जाहिदाबाई शेजारणीला म्हणायच्या, आधी याची बडबड थांबावी म्हणून दुआ मागत होती, आता कोणत्या तोंडानं उलटी दुआ मागू.

होळीच्या सुमारास दादाजी टपरीवर आला. दादाजी राईस मिलमध्ये दिवाणजी. नागपूरहून आणलेली गरीची चकचकीत काठी आणि तिला दोरा गुंडाळायची चक्री मिरवायची त्याला भारी हौस, पण बैठक भर उन्हातली. सायकलमध्ये हवा भरून घेताना तो हळूच म्हणाला, "नवाबभाई, बेहड्याखालची बैठक यंदा रिकामी जाईन म्हणतेत. मी मागतली तर राग नको मानू."

नवाबभाईनं पंप ठेवला. म्हणाला, "घे."

एका नट-बोल्टसाठी अर्धा तास भांडणारा हा माणूस. शेजारच्या फळीवर जाहिदाबाईंच्या हातात कोणाचा तरी हात होता, तो तसाच राहिला. त्यांना कळलं, बैठक गेली तर हा माणूस आता घर आणि टपरी सोडून कुठे जायचा नाही.

"रिकामी कोण म्हणते?" त्या म्हणाल्या. "आमच्या घरची गरी यंदाबी पडन."

"टाकन कोण?" दादाजीनं विचारलं.

"मी."

दादाजी हसत गेला. नवाबभाई घरी आल्यावर बरसला, म्हणजे निदान बोलला तरी. पाळीवर उभं राहून डोक्यावरून दोरा फिरवणार, सगळं गाव बघणार, इज्जत ठेवायची आहे की नाही? बाईंनी भाकरी थापता थापता सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "शिरीनचे अब्बा, मी पाळीवर डबा घेऊन येत होती, तिथीच दगडावर धूत होती. शितं खायले मासे कुठी येत होते?"

नवाबभाईनं पाण्याचा तांब्या ओढला.

"माह्या पायापाशी. तुम्ही तिकडे कमळापल्याड फेकून राह्यले होते आन ते इकडे माही परात चाटून राह्यले होते. मले उभं कायले राहा लागते? बसूनच सोडतो पायापुढं."

दुसऱ्या दिवशी अंगणात बादली आली. नवाबभाईनं डाव्या हातानं गोळा दाबून दाखवला आणि बादलीत सोडला. दोघं बघत बसली. चहा झाला, चुलीवरची डाळ शिजली, गोळा होता तसाच. तो अभिमानानं म्हणाला, याला म्हणतात गोळा, हवेतसुद्धा फुटत नाही. बाईंनी आपला गोळा केला. चिमटीत कोंडा घेऊन स्प्रिंगभोवती फिरवला, बोटांनी चाचपला आणि ज्या क्षणी कोंडा हाताला धरून राहिला त्याच क्षणी दाबणं सोडून दिलं. बादलीत गेल्यावर तो थोडा वेळ शहाण्यासारखा बसला, मग कडेकडेनं फुगला आणि फुलासारखा उकलला. मधोमध उघडी स्प्रिंग आणि बाजूला चणा.

"फेकला तर रस्त्यातच फुटन हा," नवाबभाई म्हणाला.

"फेकाचाच कुठी हाये?"

त्याला ते पटलं नाही.

ठरलेल्या सकाळी पाळीवर माणसंच माणसं. जाहिदाबाई डोक्यावरची ओढणी घट्ट खोचून बेहड्याखाली बसल्या. मुखरूभाऊला त्यात काही नवल वाटलं नाही, त्याची बायको रुखमाबाई रोज कमरेइतक्या पाण्यात उतरून झिंगे धरायची. बैठक घराची असते, तो म्हणाला, घरातलं कोणीही बसो. पण बाकीच्यांना विषय मिळाला. कोणी विचारलं, नवाबभाई, आता बांगड्या तू भरणार का? मिलमधला पत्रू म्हणाला, भरल्या असतील, म्हणून तर बाई पुढं बसली. हशा पिकला. नवाबभाई कोंड्याच्या टोपल्याजवळ मान खाली घालून उकिडवा बसलेला. निदान एवढं माझ्या हातून होऊ दे म्हणत गोळा त्यानंच दाबायला घेतला, आणि एवढ्या लोकांसमोर बाईंना नाही म्हणवलं नाही.

गोळा पाण्यात गेला. हातभर पाणी, दगडांच्या कडेला, इतक्या जवळ की पोरं हसली. वाट बघणं सुरू झालं. तिकडे दादाजीची चक्री करकरत होती. त्यानं बघता बघता एक मिरगल मासा काढला, कोपरभर भरला, आपली बैठक राखली आणि आता बेहड्याखालची मागायला हातपाय पुसून तयार झाला. सावली आखडत गेली. बाईंचा दोरा हलेना. शेवटी त्यांनी तो ओढून घेतला. गोळा टणक, गुळगुळीत, जसा गेला तसाच परत आला. त्याला माशाचं तोंडही लागलं नव्हतं.

नवाबभाईनं मुकाट्यानं दुसरा गोळा दाबायला घेतला. डावी मूठ त्यानं करकचून आवळली होती. जोर कोंड्यावर नव्हता, दादाजीवर होता. बाईंनी त्याची मूठ आपल्या दोन्ही हातांत घेतली, गिऱ्हाइकाची घेतात तशी.

"कमळापल्याड जायचा नाई ना हा?"

"नाई."

"मंग त्या फेकीसाठी काऊन दाबून राह्यले?"

 बाईंच्या अंगठ्याखाली त्याची बोटं एकेक करून सैल झाली आणि कोंडा त्यांच्या तळहातावर सांडला.

मग त्यांनी आपला गोळा केला. तो बघणाऱ्याला गोळा वाटावा असाही नव्हता, पोरीनं भातुकलीत केलेल्या लाडवासारखा. फेकला नाही, वाकून पाण्यात ठेवला म्हटलं तरी चालेल. थोड्या वेळानं तिथे पाण्यावर बारीक बारीक बुडबुडे आले. बाई मागे न बघता म्हणाल्या, आला. दोऱ्याचा सैल वळसा सरळ झाला आणि पुढच्या क्षणी त्यांचा हात खांद्यापर्यंत पुढे ओढला गेला.

लांबवरचा मासा येईपर्यंत दमतो. पायापाशी लागलेला मासा ताजा असतो, सगळी ताकद अंगात घेऊन सुटतो. रोहू दगडांकडे वळला. दोरा बाईंच्या मनगटावरून सर्रकन गेला आणि हिरव्या काचा पाण्यात उडाल्या. रुखमाबाई ओरडली, "बाई, बांगड्या फुटल्या तुमच्या."

"वाढल्या म्हण," जाहिदाबाई दातांतून म्हणाल्या. नवऱ्यावाली बाई बांगडी फुटली म्हणत नाही, आणि बांगड्या विकणारी तर मनगट सोलवटत असतानाही म्हणणार नाही.

त्यांनी ओढाताण केली नाही. मासा जोर करी तेव्हा दोरा बोटांतून जाऊ देत, सुस्त पडे तेव्हा अलगद मागे घेत. नणदेचं विचारत नव्हत्या, एवढाच फरक. पाळीवर हसणारे पुढे सरकले. अखेर रोहू कुशीवर झाला, तसा नवाबभाई कपड्यांसकट गुडघाभर पाण्यात उतरला आणि डाव्या हातानं त्याला कल्ल्यात धरून वर घेऊन आला.

मुखरूभाऊनं तो आपल्या हाताला लावला. मुखरूभाऊ ताडासारखा उंच, त्याचे हातही तसेच. तरी शेपटी त्याच्या कोपराच्या पुढं गेली. तो म्हणाला, "झालं. बैठक घरची घरीच."

दादाजीला ते मानवेना. माशाला हात तर नवाबनं लावला, तो म्हणाला, आन हे काय गरी टाकणं झालं? पाण्यात ठेवून दिलं नुस्तं. नियमात टाकणं आहे, ठेवणं नाही.

सगळ्यांनी जाहिदाबाईंकडे बघितलं. पण बोलला नवाबभाई.

"दादाजी, तुह्या काठीनं तू किती लांब टाकते? त्या कमळापर्यंत? मासा काय तिथी तुही वाट पाहून राह्यला? अरे, मी इतके वर्षं लांबच फेकलो, त्यात अर्धं तर लोकायनं पाहावं म्हणून. मासा इथी होता, हिच्या भांड्यापाशी. आन पत्र्या, तू काय म्हणत होता बांगड्यायचं? भरल्या ना मी. ये, तुह्याबी हातात भरून देतो, मंग पाहू तुह्यानं असा गोळा होते का."

पत्रूलाच हसू आलं. नवाबभाई थांबेना. ठेवणं आणि टाकणं यात फरक काय इथून जे सुरू झालं ते मिलच्या कोंड्यात भेसळ कोण करतं इथपर्यंत गेलं. दादाजी दिवाणजी असल्यामुळे त्यालाही उत्तर द्यावं लागलं. काठी बाजूला ठेवून तो बेहड्याच्या सावलीत येऊन बसला, भांडायला.

जाहिदाबाईंनी सोलवटलेलं मनगट पाण्यात बुडवलं, ओढणीनं पुसलं. बाजार भरायची वेळ झाली होती, दोन गावच्या बायका हात भरायला यायच्या होत्या. त्यांनी नवाबभाईला विचारलं, चलता का? त्याचं लक्षच नव्हतं. मग हात मागे करून म्हणाला, तू हो पुढं, मी बसतो थोडा.

त्यांनी टोपल्यातला कोंडा ओला केला, आपल्या मुठीतले गोळे करून पळसाच्या पानावर ओळीनं मांडले आणि त्यांच्यावर ओलं फडकं टाकलं. एक गोळा त्याच्या डाव्या हाताशी ठेवला. "याले दाबू नका आता," एवढं सांगून त्या पाळीवरून गावाच्या रस्त्याला लागल्या. मागून नवाबभाईचा आवाज लांबपर्यंत ऐकू येत होता.