वजनापुरते बाबा

आमच्या ह्यांना गल्लीत सगळे मिलिमीटर म्हणतात. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ह्यांनी मी टांगलेला पडदा टेपने मोजला आणि तो डावीकडे चार मिलिमीटर खाली आहे असं मला कळवलं. मी म्हटलं, मग तुम्हीच टांगा. तेव्हापासून घरातले पडदे हे टांगतात. वेल्डिंग आणि गाड्यांचे सांगाडे, एवढंच ह्यांना येतं. बोलणं येत नाही. तो गुण वडिलांकडून आलाय.

बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, चाळीस वर्षं स्वतःचा छोटा ट्रक चालवला. दोन वर्षांपूर्वी त्यातच चढताना पाय सटकला आणि पडले, तेही भर बाजारात, हमालांच्या देखत. खुबा मोडला. हाड जुळलं, पण पाय वीतभराच्या वर उचलेना. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवा खुशाल. पण चढायचं कसं? शेजाऱ्याने विचारलं, "शिडी लावू का?" त्याच्याशी बाबा अजून बोलत नाहीत. खिडकीपाशी बसले ते बसलेच.

मग ह्यांनी ठरवलं की ट्रकच खाली आणायचा. चारी स्प्रिंगा बदलल्या, ट्रक खाली आला. आता मागचं ॲक्सल सांगाड्याला धरून ठेवणारे लोखंडी दांडे असतात, त्यांना आर्म म्हणतात. ट्रक खाली आला की त्यांचा तिरकेपणा बदलतो, ॲक्सल जागचं हलतं आणि चाक पत्र्याला घासतं. चौदा वर्षांच्या संसारात जेवताना हेच ऐकलंय, पाठ झालंय मला. ह्यांनी ते आर्म कापून, जोडून मापाचे केले. तेवढ्यात बाबा काठी टेकत ह्यांच्या वेल्डिंगच्या दुकानाच्या दारात येऊन उभे राहिले. झालं, ह्यांना घाई सुटली. ट्रक जॅकवर असतानाच बोल्ट आवळून टाकले.

दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर ह्यांनी त्याच्या सात पिढ्यांची अक्कल काढली असती. आर्मच्या टोकांना रबर असतं. चाकं लोंबत असताना बोल्ट आवळला की ट्रक जमिनीवर टेकताना ते रबर पिळवटतं आणि गाडी दणके देते. बाबा ट्रक घेऊन कोपऱ्यापर्यंत जाऊन आले आणि कमरेला हात लावून उतरले.

"विकून टाक," म्हणाले. बस्स.

विटांचा एक ठेकेदार रविवारी अकराला ट्रक न्यायला यायचा ठरला. ह्यांनी पाच दिवस खपून नवे आर्म केले, टोकांना आटे पाडलेले, फिरवून लांबी कमी-जास्त करता येईल असे.

"अहो, विकायचाच आहे ना? मग कशाला जीव काढताय?"

"विकायचा म्हणून काय वाकडा द्यायचा?"

मला काय, कळत नव्हतं का? ट्रक गेला की बाबा त्या खिडकीपासून पुन्हा उठणार नव्हते, आणि ते ह्यांच्या एका चुकीपायी. माणूस आतून पार खचला होता.

रविवारी पावणेअकराला ट्रक दुकानात गाडीखाली काम करायला खणलेल्या खड्ड्यावर उभा होता, चारी चाकं जमिनीवर. हे म्हणाले, "बाबा, बोल्ट आवळायचेत, गाडीवर वजन हवं. पाच मिनिटं बसता का? ड्रायव्हरच्या जागी."

"रेतीच्या गोण्या टाका की," मी म्हटलं. सहा गोण्या समोरच पडल्या होत्या. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी झाडू शोधायला गेले.

"वजनापुरताच बसेन," बाबा म्हणाले. पाय सहज आत गेला.

हे खड्ड्यात उतरले. ठेकेदार अकराच्या ठोक्याला हजर. असली माणसं नको तेव्हाच वेळ पाळतात. पाचाची वीस मिनिटं झाली. खालून ठाकठाक चालूच. बाबांचे हात आधी मांडीवर होते, मग स्टिअरिंगवर गेले. मग त्यांनी आरसा सरळ केला.

"झालं का हो?" ठेकेदाराने विचारलं.

"एकच राहिलाय," खालून आवाज आला. तिसऱ्यांदा.

बाबा खिडकीतून वाकले. "अरे, शेवटचा बोल्ट कधीच आवळला गेलाय. कान शाबूत आहेत माझे. नुसता पाना आपटतोयस. नीघ बाहेर आणि किल्ली दे."

हे बाहेर आले. खिशातून किल्ली काढून दिली. बाबांनी ट्रक चालू केला आणि मला म्हणाले, "सूनबाई, ते विटावाले आले की त्यांना चहा दे. ट्रक बाहेर गेलाय म्हणून सांग."

विटावाले दोन हातांवर उभे होते.

ट्रक फाटकातून बाहेर पडला, गतिरोधकावरून गेला. दणका नाही, घासल्याचा आवाज नाही. वळला आणि दिसेनासा झाला.

"कधी येतील परत?" ठेकेदाराने विचारलं.

"माहीत नाही," हे म्हणाले, आणि रडायलाच लागले, चांगले मोठ्याने, त्या परक्या माणसासमोर. मी चहा टाकायला आत गेले.