नाशिक ते देवळा : दोन दिवस आणि एक जळका वास

नाशिकहून देवळ्याला जाण्यासाठी कुणी ब्लॉग वाचत नाही, हे मला माहीत आहे. ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरचा रस्ता, त्यात बघण्यासारखं फारसं काही नाही. पण माझ्या वयाच्या माणसाने एकट्याने गाडी बाहेर काढायची की नाही, असा विचार कुणी करत असेल, तर त्याला याचा उपयोग व्हावा. नव्या गाडीत जळका वास येत असेल, तर त्यालाही.

गाडी माझ्या पत्नीची, शैलाची. निवृत्त झाल्यावर तिने ती घेतली आणि तीच चालवायची. मी डावीकडे बसून टोलच्या पावत्या सांभाळायचो. गाडी जेमतेम सव्वा वर्षाची आहे. शैलाला जाऊन सात महिने झाले. त्यानंतर चार महिने गाडी पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी होती. मग एकसष्टाव्या वर्षी मी मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं आणि कॉलेजच्या मुलांबरोबर बसून शिकलो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शैला दर वर्षी माहेरी देवळ्याला जायची. आईवडील गेल्यावर तिची धाकटी बहीण मंगल हेच तिचं माहेर झालं. मंगलचा फोन आला की ताईच्या नावाने पहिली घागर भरायची आहे, दाजी, तुम्ही इकडेच या. नाही म्हणता आलं नाही.

सणाच्या आदल्या दिवशी निघायचं ठरवलं होतं, पण धीर होईना. शेवटी सणाच्या दिवशीच पहाटे साडेपाचला निघालो, कारण नाशिकच्याच द्वारका चौकात गर्दी नको होती. तरी तिथे दहा मिनिटं अडकलो. ट्रकच्या मागे क्लच अर्धा दाबून मुंगीच्या पावलाने पुढे सरकत होतो. शैला असती तर म्हणाली असती, पाय काढा त्याच्यावरून. ओझरपर्यंत काही जाणवलं नाही. पिंपळगावच्या टोलनाक्याआधी पहिल्यांदा वास आला.

गाडी कडेला घेतली. हँडब्रेक पाहिला, तो पूर्ण खाली होता. चाकांना हात लावून पाहिला, कुठलंही फार तापलेलं नव्हतं. वाकून खाली पाहिलं. ट्रेनिंग स्कूलच्या मास्तरांनी सांगितलं होतं की रस्त्यावरची प्लॅस्टिकची पिशवी सायलेन्सरला चिकटली तरी असाच वास येतो. पिशवी नव्हती. ऑइलचा थेंबही जमिनीवर नव्हता. बॉनेट उघडता येतं, पण उघडून काय पाहायचं ते येत नाही, म्हणून उघडलं नाही. कंपनीच्या चोवीस तासांच्या हेल्पलाइनला फोन केला, तर तिकडची मुलगी म्हणाली की नवीन गाडी आहे सर, क्लच कमी वापरा. म्हणजे चूक माझीच, असं धरून चाललो.

वडाळीभोईला चहा आणि भजी घेतली, दोन्ही गरम होती. सोग्रस फाट्यावरून डावीकडे वळलं की हायवे सुटतो आणि रस्ता बराच शांत होतो. दोन्ही बाजूंना कांद्याच्या चाळी दिसतात. पुढे भावडबारीचा घाट लागतो. घाट मोठा नाही, पण नवशिक्याला पुरतो. दुसऱ्या गिअरमध्ये चढलो आणि एसीच्या जाळीतून तोच वास आला, या वेळी दाट. मी एसी बंद करून काचा खाली केल्या.

खरं सांगायचं तर घाटात मला तो वास ओळखीचा वाटला. तो तंबाखूचा होता. पण गाडीत तंबाखू कुठून येणार? मी बारा वर्षांपूर्वी सोडली. शैलाने सोडायला लावली. पहिलं वर्षभर मी ऑफिसातून आलो की ती दारातच म्हणायची, हात बघू. मी तळवा पुढे करायचो, ती वास घ्यायची आणि मग चहा टाकायची. तेव्हा राग यायचा. घाटात वाटलं की एकट्या माणसाला आता असले भास होऊ लागले असतील, आणि हे कुणाला सांगण्यासारखं नाही.

हळू चालवत, थांबत थांबत साडेनऊला मंगलकडे पोचलो. तिच्या अंगणात निंबाला झोका बांधला होता आणि गल्लीतल्या बायका गाणी म्हणत होत्या. साडू भास्करराव पाटावर सगळं मांडून तयार होते. मातीची घागर पाण्याने भरलेली, तिच्यावर खरबूज. शेजारी पितळी भांड्यात निखारे. या भागात गेलेल्या माणसाच्या नावाने पुरणपोळीचा घास तूप घालून निखाऱ्यावर ठेवतात, त्याला आगारी म्हणतात. ती मी टाकायची होती.

मंगल घासाचं ताट द्यायला माझ्याजवळ वाकली आणि थांबली. मग सरळ होऊन भास्कररावांना म्हणाली, "तंबाखूना वास ई राहिना." म्हणजे तंबाखूचा वास येतोय.

भास्करराव म्हणाले की निखाऱ्यांचा असेल. तिने ताट माझ्या हातात दिलं. मी आगारी टाकली, हात जोडले. तूप जळाल्याचा वास घरभर झाला. जेवताना तिने मला आमरस वाढला, पण एकदाही आग्रह केला नाही. खानदेशातल्या घरी सणाच्या दिवशी आग्रह होत नाही, याचा अर्थ जावयाला कळतो.

दुपारी ओट्यावर ती एकटीच माझ्यासमोर बसली.

"दाजी, वर्षभर तरी थांबायचं होतं."

मी म्हणालो की मी खाल्लेली नाही.

"मग शर्टाला वास कसला येतो? ताई शेवटच्या आठवड्यात मला म्हणाली होती, त्यांच्याकडे लक्ष ठेव, एकटे पडले की परत सुरू करतील. मी म्हटलं, नाही गं, दाजींचा शब्द म्हणजे शब्द." एवढं बोलून ती उठली. जाताना म्हणाली, "तुमची मर्जी. आता हात बघणारं कोण आहे?"

मी गाडीत वास येतो असं सांगायला हवं होतं. पण ते बहाण्यासारखं वाटलं असतं. मी आयुष्यभर कमी बोललो आहे, आणि त्याचा तोटा अशा वेळी होतो. शैला मला ओळखून असूनही तसं म्हणाली होती, हे जास्त लागलं. रात्री झोप नीट लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघायचं म्हणून गाडी चालू करून ठेवली. भास्करराव पाणी घेऊन आले, पाचेक मिनिटांनी त्यांनाच वास आला. त्यांनी त्यांचा ट्रॅक्टर बघणाऱ्या युसूफभाईंना बोलावलं. मी आधीच कबूल करून टाकलं की क्लच मी जाळला असणार.

युसूफभाई हसले. "साहेब, क्लच जळला की डोकं दुखतं असा वास येतो. वायर जळली की घसा धरतो. हा तर पानटपरीचा वास हाय."

त्यांनी बॉनेट उघडलं, टॉर्च आत धरली आणि पकडीने काहीतरी ओढून काढलं. कापडाची पुरचुंडी होती, मुठीएवढी. तिची सुतळी तुटली होती आणि ती घसरून सायलेन्सरच्या गरम पत्र्यावर जाऊन बसली होती. एक बाजू काळी पडली होती. आतून तंबाखूची पानं भुरभुरली. उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून बरेच लोक बांधतात, युसूफभाई म्हणाले, फक्त इंजिनपासून लांब बांधायची. सुतळी या प्रवासातच तुटली असणार, म्हणून मला आधी वास आला नव्हता.

कापड माझ्या जुन्या चौकडीच्या शर्टाचं होतं. मंगल पदराला हात पुसत बाहेर आली होती. तिने पुरचुंडी हातात घेतली, शिवणीवरून बोट फिरवलं.

"हाऊ ताईना हातना टाका शे," ती म्हणाली.

भास्करराव म्हणाले, "तूच सांगेल व्हतं ना ताईले, फोनवर. आपल्या ट्रॅक्टरला बांधतो तसं बांध म्हणून."

मंगलने पुरचुंडी उलटसुलट करून पाहिली. मग तिला आठवलं. गेल्या पावसाळ्यात शैलाने फोनवर विचारलं होतं आणि वर बजावलं होतं, यांना बोलू नकोस, घरात तंबाखू आणली हे कळायला नको. टपरीवर तीच जाऊन उभी राहिली असणार. आयुष्यात पहिल्यांदा.

मंगलने माझी माफी मागितली नाही, मी अपेक्षाही केली नव्हती. तिने मला पुन्हा जेवायला बसवलं आणि आमरस इतका वाढला की वाटी सांडली. निघताना डिकीत कांद्याची गोणी आणि पापड ठेवले. पुरचुंडी तिने ठेवून घ्यायला मागितली. मी दिली. कापड राहू दे, एवढंच म्हणालो, आतलं टाकून दे.

परतताना घाट उतरलो, एसी चालू ठेवला. काही वास आला नाही. रस्ता चांगला आहे, कुणाला जायचं असेल तर पहाटे निघा आणि निघण्याआधी बॉनेट उघडून बघा. काही कळत नसलं तरी बघा. मी पिंपळगावलाच उघडलं असतं तर मंगलला काही बोलावं लागलं नसतं. पण मग शैला टपरीवर गेली होती, हेही कळलं नसतं.

नाशिकला आल्यावर संध्याकाळी कोपऱ्यावरच्या टपरीवर गेलो. बारा वर्षांनी. टपरीवाला म्हणाला, काका, तुम्ही? मी म्हणालो, उंदरांसाठी. तो हसला, त्याला पटलं नसावं. त्याच शर्टाची दुसरी बाही कपाटात होती. वेडेवाकडे टाके घातले आणि पुरचुंडी बॅटरीच्या बाजूला, इंजिनपासून लांब, तारेने बांधली.

वर येऊन हात दोनदा साबणाने धुतले. तळव्यांचा वास काही गेला नाही. परत दाराशी जाऊन थोडा वेळ उभा राहिलो, मग आत जाऊन चहा टाकला.