शोकेसमधलं कार्ड

घोडबंदर रोडच्या एका मॉलमध्ये कार्ड गेमची टूर्नामेंट होती. मी पहिल्याच फेरीत हरलो. आठवण म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला एक चमचमतं कार्ड देत होते, वर ड्रॅगन आणि खाली टूर्नामेंटचं नाव. ते मी घरी टेबलावर टाकलं, आणि बाबांना वाटलं बक्षीस.

आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीत सत्यनारायणाच्या पूजेला गुणवंतांचा सत्कार होतो. बाबांनी सेक्रेटरींना परस्पर माझं नाव दिलेलं. दहावी-बारावीच्या पोरांच्या रांगेत मी, चौतीस वर्षांचा घोडा, शाल आणि नारळ घेऊन उभा. समोर बाबा सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण माईक हातात असूनही खरं काही बोलवेना.

घरी आल्यावर मात्र त्यांच्यावरच भडकलो. "अहो बाबा, ते आलेल्या सगळ्यांना देतात. मी हरलेलो."

बाबा शोकेसमध्ये कार्ड लावत होते, रिटायर होताना कंपनीने दिलेल्या ट्रॉफीशेजारी. त्यांनी ट्रॉफी जरा मागे सरकवून कार्डाला जागा केली.

"ही पण सगळ्यांनाच देतात रे," ते म्हणाले.