काढून ठेवलेला ब्रेक

तिला सगळे ब्रेकबाई म्हणायचे. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला माहीत होतं आणि मनातून ते नाव आवडतही होतं. वयाच्या अडतिसाव्या वर्षी कापडदुकानातली नोकरी सोडून तिनं एक जुनी, करड्या रंगाची छोटी गाडी घेतली, शेजारच्या सीटपुढं जादाचा क्लच आणि ब्रेक बसवून घेतला आणि गाडी शिकवायला लागली. फक्त बायकांना. आधी नवऱ्याकडून शिकायला गेलेल्या आणि पहिल्याच चौकात बोलणी खाऊन रडत घरी आलेल्या बायका तिच्याकडे यायच्या.

बाई कधी ओरडायची नाही. समोर रिक्षा आडवी आली तरी खिडकीबाहेर कुणाची तरी बाग बघितल्यासारखं करायची आणि गुपचूप उजवा पाय दाबायची. गाडी थांबायची. शिकणारीला वाटायचं, आपणच थांबवली.

"छान थांबवलीस हो," बाई म्हणायची. शिकणारी घामाघूम होऊन हसायची आणि दुसऱ्या दिवशी परत यायची. बाईची सगळी शिकवणी या एका पायावर उभी होती.

लग्नाचं जमता जमता राहिलं ते राहिलंच. धाकट्या भावाच्या घरातली मागची खोली तिची. गाडी येण्याआधी भावजयीची हाक असायची, "वन्सं, जरा बिल भरून या." "वन्सं, जरा मुलाला आणा." गाडी आली, सकाळ-संध्याकाळ दारात बायका तिची वाट बघत उभ्या राहायला लागल्या, आणि हाकेत चार शब्द वाढले. "वन्सं, तुम्हाला वेळ असेल तर…" या चार शब्दांसाठी ब्रेकबाई गाडीला स्वतःपेक्षा जास्त जपायची.

नऊ वर्षं गेली. यंदा गाडीचा विमा संपत आला तेव्हा तिच्या हाताशी जेमतेम तीन शिष्या उरल्या होत्या. मोठ्या रस्त्यावर दोन नवी मोटार ट्रेनिंग स्कूल निघाली होती, थंडगार गाड्यांची. पॉलिसीवाला तीन कागद घेऊन आला आणि पलंगावरच मांडून बसला.

"ताई, हा सगळ्यात स्वस्त. तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं काही मोडलं तर कंपनी भरणार. तुमचं मोडलं तर तुम्ही आणि तुमचं नशीब."

"म्हणजे गाडी गेली तर मी घरी बसायचं."

"म्हणून हा दुसरा. तुमचा नेहमीचा. सगळं कव्हर, वर शिकवणीचा जादा हप्ता. पण यंदा तो जादा हप्ताच आभाळाला भिडलाय. कंपनी म्हणते, शिकाऊ हातात गाडी म्हणजे धोका."

"नऊ वर्षांत एक क्लेम केला नाही मी!"

"नाही केला ना? मग उगाच पोसलंत त्यांना," पॉलिसीवाल्यानं तिसरा कागद पुढं सरकवला. "हा दुसऱ्या कंपनीचा. सगळं कव्हर, पण वापर घरगुती. शिकवणीचं नावच नाही. हप्ता बघा, निम्मा."

"पण मी शिकवते ना रे."

"ते तुम्ही मला सांगताय. कंपनीला कोण सांगतंय?"

बाईनं कागद उलटसुलट केला. विचार करायला वेळ मागितला. तिला कुठल्याही गोष्टीत घाई जमायची नाही, शिकवतानाही नाही. चार दिवस तिन्ही कागद उशाशी घेऊन ती झोपली. भावजय दारातून म्हणाली, "अहो वन्सं, माणसं मुलगी देतानासुद्धा एवढा विचार करत नाहीत." भाऊ म्हणाला, "ताई, तिसरा घे आणि मोकळी हो." या चार दिवसांत जुन्या विम्याची मुदत उलटून गेली.

पहिला घेतला तर गाडीला आधार नाही. दुसरा यंदा परवडत नाही. उरला तिसरा.

"पण आता एक भानगड झाली," पॉलिसीवाला फोनवर म्हणाला. "मुदत उलटली, वर कंपनीही बदलतोय. आता त्यांचा माणूस येऊन गाडीचे फोटो काढणार. आतून-बाहेरून. तेवढे ते तुमचे जादाचे पेडल एक दिवस काढून ठेवा."

मिस्त्रीचं गॅरेज गल्लीच्या टोकाला होतं. नऊ वर्षांपूर्वी पेडल त्यानंच बसवले होते. सकाळी तो गाडीत डोकं घालून आडवा झाला आणि गंजलेल्या बोल्टांशी झटत बसला.

"बाई, हे काही मला बरं वाटत नाही," आतून आवाज आला.

"फोटो निघेपर्यंत रे. उद्या परत बसव."

"उद्या दहाला बसवतो. आज दुपारी बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, गॅरेज बंद. तोवर कुणाला शिकवायला नेऊ नका."

"वेडी आहे का मी?"

मिस्त्रीनं पेडल जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून फळीवर ठेवले. खाली पत्र्यात चार भोकं उरली. त्यांवर बाईनं पायपुसणं सरकवलं.

फोटोवाला अकराला आला, च्युइंगम चघळत वीस फोटो काढून गेला. दुपारी दोनला फोनवर निरोप आला, पॉलिसी सुरू. बाईनं तो तीनदा वाचला. हप्ता निम्मा, सगळं कव्हर. तरी जेवण काही गेलं नाही तिला.

चारला शिंपीणबाई दारात. तिच्या नवऱ्याचं अर्धं अंग वर्षापूर्वी लुळं पडलं होतं. शाळांचे युनिफॉर्म शिवून ती घर चालवत होती आणि दिराची पडून राहिलेली गाडी चालवता आली तर गठ्ठे स्वतः पोचवता येतील, म्हणून पंचवीस दिवस शिकत होती. उद्या सकाळी आठला तिची लायसनची परीक्षा.

"बाई, एकच चक्कर. हात थरथरतायत माझे."

"आज नको ग. आज गाडीला जरा…"

"उद्या नापास झाले तर महिनाभर तारीख नाही. शाळा उघडतायत. दीडशे युनिफॉर्म काय डोक्यावर नेऊ?"

बाई दारात उभी राहिली. पंचवीस दिवसांत या बाईनं एकदाही गाडी कुठं आपटली नव्हती. रोज "छान थांबवलीस" म्हणून म्हणून आता ब्रेकबाईला स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं होतं. गोदामांमागचा रस्ता, तिथं तर कुत्रंही नसतं. एक चक्कर.

गोदामांमागं कुत्रं नव्हतंच. वळणापलीकडं पाण्याचा एक रिकामा टँकर मात्र उभा होता. शिंपीणबाईनं वळण चांगलं घेतलं, टँकर बघितला, दचकली, आणि ब्रेक समजून नेमका दुसराच पेडल दाबला. गाडी उसळली. बाई ओरडली नाही. ओरडायची सवयच नव्हती तिला. तिनं उजवा पाय दाबला. पाय थेट पत्र्यावर गेला. तिनं तो उचलून परत दाबला, जोर लावून, जसा काही पत्र्यातूनच ब्रेक उगवणार होता.

शिंपीणबाईचा ओठ फाटला आणि दोन दात हलले. गाडीचं नाक टँकरखाली गेलं आणि पुढचा पत्रा आत दुमडून बाईच्या घोट्यावर आला. घोटा दोन ठिकाणी मोडला. टँकरला साधा ओरखडाही नव्हता.

दवाखान्यातल्या खाटेभोवती तिघं उभी राहिली. पॉलिसीवाला हळूच म्हणाला, "ताई, काही बिघडलेलं नाही. कव्हर चालू आहे. फक्त सांगायचं, गाडी तुम्हीच चालवत होतात. ही शेजारी बसली होती, मैत्रीण म्हणून."

"मी तसंच सांगते," शिंपीणबाई फाटक्या ओठातून म्हणाली आणि रडायला लागली.

"आणि पत्र्यातली भोकं?" मिस्त्री खाली बघत म्हणाला.

"आग विझवायचं नळकांडं बसवलं होतं म्हणायचं."

गाडी परत उभी राहील एवढंच बाईला ऐकू आलं. तिनं मान हलवली.

कंपनीचा तपासनीस बाराव्या दिवशी आला. गाडी मिस्त्रीच्या गॅरेजमागं ताडपत्रीखाली होती. बाई कुबडी टेकत आली. एका पायाला प्लास्टर, दुसऱ्या पायात चप्पल. तपासनीस वाळका, शांत माणूस होता, बोलायचा कमी. विजेरी घेऊन तो गाडीत वाकला तो बराच वेळ बाहेर आला नाही. मग त्याचा हात बाहेर आला. हातात पायपुसणं होतं, टाच टेकते तिथं घासून घासून भोक पडलेलं.

"शेजारी बसणाऱ्याची टाच इतकी घासते होय?" त्यानं कुणालाच न विचारल्यासारखं विचारलं.

पॉलिसीवाला घाईनं म्हणाला, "जुनं पायपुसणं आहे हो साहेब."

तपासनीस परत वाकला. शेजारच्या सीटपुढच्या दुमडलेल्या पत्र्याखाली त्यानं बोटं घातली, हिसका दिला आणि एक चप्पल काढली. उजव्या पायाची, तपकिरी, पितळी बक्कल. ती हातात धरून त्यानं बाईच्या डाव्या पायाकडं बघितलं. तिथं तिचीच जोडीदारीण होती. बाईला दुसरी चप्पल नव्हती, आणि एका पायापुरती नवी घ्यावी असं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.



"बाई, या चार भोकांवर काय होतं?" तपासनीसानं विचारलं.

"आग विझवायचं नळकांडं," पॉलिसीवाला.

"मी बाईंना विचारतोय."

बाईनं चपलेकडं बघितलं. "ब्रेक होता," ती म्हणाली.

"मग काढलात कशाला?"

"फोटो काढायला माणूस यायचा होता म्हणून."

तपासनीसानं पेन उघडलं, बंद केलं, परत उघडलं. "शिकवणीचा हप्ता भरला असतात तर मी आत्ता सही करून निघालो असतो, बाई," तो म्हणाला. तो हे टोचून म्हणाला नाही, आणि म्हणूनच जास्त लागलं. त्यानं चप्पल तिच्यापुढं खाली ठेवली, नीट, जोडीनं, आणि गेला.

"एक शब्द गिळता आला नाही तुम्हाला, ताई?" पॉलिसीवाला कपाळ बडवून घ्यायला लागला. "एक शब्द!"

"तो माझ्या पायाकडं बघत होता रे," बाई म्हणाली.

कंपनीचं पत्र तीन ओळींचं आलं. गाडी भंगारात गेली. मिस्त्रीनं पेडल घासून, तेल लावून आणून दिले. "कधी दुसरी गाडी घेतलीत तर," म्हणाला, आणि तिच्या तोंडाकडं न बघता निघून गेला. तिनं ते वर्तमानपत्रासकट पलंगाखाली सारले. शिंपीणबाई परीक्षेला गेली नाही. आता ती गठ्ठे डोक्यावर घेऊन पलीकडच्या गल्लीनं जाते, या गल्लीतून येत नाही.

प्लास्टर निघाल्यावर बाई मोठ्या रस्त्यावरच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये काम मागायला गेली. मालकानं तिचं नाव ऐकलं होतं. मान देऊन त्यानं तिला शेजारच्या सीटवर बसवलं आणि स्वतः गाडी हाकत चौकाकडं निघाला. "दाबा," तो म्हणाला. बाईनं दाबला. घोटा अर्ध्यातच अडला. गाडी हळू झाली, पण थांबली नाही. मालकानं स्वतःच्या पायानं ती थांबवली आणि म्हणाला, "छान."

ती चालत घरी आली. खोलीत पलंगावर बसून पाय चोळत होती तेवढ्यात स्वयंपाकघरातून भावजयीची हाक आली.

"वन्सं, जरा वीजबिल भरून या."

बाई थांबली. पुढचं काही येतंय का, ते ऐकत राहिली. आत भांडी वाजत होती, नळ चालू होता. मग तिनं चपला ओढल्या, बिल घेतलं आणि निघाली.