लिंबावरून गेलेली पाती

चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीत ऐसहाउस, म्हणजे बर्फघर, नावाचा बसथांबा आहे. तिथे बर्फ नाही, कुणाच्या आठवणीत कधी नव्हता. पहाटे पावणेसहाला तिथून श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्याची बस सुटते आणि डावीकडच्या तिसऱ्या खिडकीशी कृष्णाजी राव, म्हणजे किट्टू, बसतो. वय तेहतीसला टेकलेलं. दिवसभर नव्या गाड्यांच्या दारांना रबर बसवतो. गल्लीत मात्र त्याची ओळख वेगळी. घराखालच्या मॅन्शनचे, म्हणजे एकट्या पुरुषांच्या लॉजचे, मॅनेजर नारायणस्वामी त्याला पाहिलं की आधी घसा साफ करतात, मग प्रत्येक शब्दाला मागून धक्का देत विचारतात, "एन्न किट्टू, ऐस-हाउसला उभा राहून ऐस-हॉकी का?" आणि उत्तराची वाट न बघता पोट धरून स्वतःच हसतात. दहा वर्षं हाच एक विनोद. किट्टूही दहा वर्षं हसत आलाय, दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखा.

हे वेड शाळेत लागलं. कॉर्पोरेशनच्या सिमेंटच्या रिंगणात चाकांच्या स्केट्सवर हॉकी खेळायचा. राज्याच्या संघातून खेळला, आणि बाविसाव्या वर्षी कुणीतरी त्याला हिवाळ्यात लेहला नेलं. चाकांवर वळायला जागा लागते. बर्फावर पात्याची धार नुसती टेकवली की माणूस जागच्या जागी फिरतो. किट्टू फिरला, आणि फिरल्यावर त्याच्या तोंडून आपोआप 'अम्मा' निघालं. लेहची पोरं त्याला तेव्हापासून 'अण्णा' म्हणू लागली. पुढे दर हिवाळ्यात तो कारखान्यातली सगळी रजा एकदम घ्यायचा, क्लबचे उसने स्केट्स दोन-दोन मोजे घालून पायांत बसवायचा आणि बचावफळीत खेळायचा. राष्ट्रीय शिबिरात दोनदा राखीव होता. राखीव म्हणजे इतरांच्या पाण्याच्या बाटल्यांवर लक्ष ठेवायचं, हे तो स्वतःच सांगे.

आणि मग तिशी लागायला एक महिना उरलेला असताना ती बातमी आली. आखातातल्या एका क्लबला भारतातून दोन पगारी खेळाडू हवे होते. अट एकच, तिशीच्या आतले. चाचणी दिल्लीजवळ गुडगावला, विजयादशमीच्या दुपारी. खेळायचे पैसे मिळणार, फक्त खेळायचे. दाराला रबर नाही, पावणेसहाची बस नाही. किट्टूने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचे बर्फाचे स्केट्स घेतले. चेन्नईत पात्यांना धार लावून देणारं कुणी नव्हतं. तो दोन दिवस गच्चीत दगड घेऊन बसला. धार बघायची त्याची रीत साधी होती: अंगठ्याचं नख पात्यावरून ओढायचं. नखाची पांढरी भुकटी निघाली की पातं तयार. भुकटी निघाली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजा. तमिळनाडूत त्या दिवशी प्रत्येक हत्यार आणि यंत्र देव होतं. किट्टूच्या कारखान्यातली यंत्रंसुद्धा झेंडूच्या माळा घालून उभी असतात. घरी राजसबाई, किट्टूची आई, हळद-चंदनाची वाटी घेऊन बसत. तंजावरकडच्या मराठी घराण्यातल्या त्या. त्यांचं मराठी जुन्या कापडासारखं, ठिकठिकाणी तमिळचं ठिगळ लावलेलं, आणि प्रत्येक वाक्य शेवटी वर उचललेलं, प्रश्न नसला तरी. विळी, शिलाईयंत्र, खाली दारात स्कूटर, सगळं मांडलेलं असे. स्कूटरच्या चाकाखाली लिंबू ठेवून ते फोडायचं, म्हणजे दृष्ट जाते. किट्टू शाळेत असल्यापासून त्या त्याच्या स्केट्सच्या चाकांखालीही लिंबं फोडत आल्या होत्या. त्यांच्या हिशेबी तेही वाहनच, मुलगा त्यावरून धावतो की नाही? प्लास्टिकच्या चाकांना लिंबाने काय होणार. इतक्या वर्षांत कधी काही झालं नाही.

त्या वर्षी चाकं नव्हती, पाती होती. त्यांनी प्रत्येक पात्याखाली एकेक लिंबू ठेवलं आणि दोन्ही हातांनी दाबलं. मोठं काम होतं म्हणून दृष्टही मोठी. मग वरून चंदन, कुंकू, फुलं.

किट्टू कारखान्यातून आला तेव्हा त्याला फुलांचा ढीग तेवढा दिसला. फुटलेली लिंबं स्कूटरपाशीही पडली होती. स्केट्स एकदा फडक्याने पुसून घ्यावेत, असं त्याच्या मनात आलं. त्याने हात पुढे केलाही.

"हात लावूं नको," राजसबाई म्हणाल्या. "पूजेला बसलेलं आयुध उद्यां सकाळपर्यंत उचलायचं नाही, ठाऊक नाही का? मी स्वतां बांधून देत्यें."

त्याने हात मागे घेतला. सकाळी त्यांनी आरती केली, आपल्या वडलांच्या रेशमी अंगवस्त्रात स्केट्स गुंडाळले, तीन गाठी मारल्या. "थेट मैदानावरच सोड," म्हणाल्या. विमानतळावर किट्टूने ते गाठोडं न सोडता तसंच बॅगेत घालून सामानात दिलं.

गुडगावच्या कपडे बदलायच्या खोलीत त्याने गाठी सोडल्या. झेंडूची एक पाकळी पडली. दोन्ही पात्यांच्या कडा तपकिरी झाल्या होत्या. लिंबाचा रस, ओलं चंदन आणि समुद्राची हवा, एका रात्रीत धारेला बारीक बारीक भोकं पडली होती. त्याने नख ओढलं. नख नुसतं घसरलं. धार लावणाऱ्या माणसापुढे चार जोड्या होत्या आणि पहिल्या तुकडीत किट्टूचं नाव पुकारलं जात होतं. त्याने रुमालाने पाती घासली आणि गेला.

तिसऱ्या मिनिटाला समोरचा खेळाडू अंगावर आला. किट्टू डावीकडे वळला, म्हणजे वळायला गेला. पातं धरलंच नाही. तो ताटावरून घरंगळणाऱ्या इडलीसारखा सरळ भिंतीपर्यंत गेला आणि त्याच्या पाठीमागे समोरच्याने गोल मारला. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा त्याने वळायचंच टाळलं, लांबूनच काठी पुढे करत राहिला. निवड करणारे गोरे गृहस्थ शेवटी त्याच्यापाशी आले. त्यांचं इंग्रजी नाकातून, हळू, लहान मुलाला औषध पाजताना बोलावं तसं. हातांचं काम सुरेख आहे, म्हणाले, पण तुमचा तुमच्या पायांवर भरवसा नाही.

"थँक्यू सर," किट्टू म्हणाला.

घरी राजसबाई दारातच उभ्या होत्या. "घेटलें का रे?"

"उंची कमी पडली, अम्मा."

त्याला वाटलं, हे बरं सुचलं, उंचीला कुणाचा दोष नाही. पण राजसबाई मटकन खाली बसल्या. "माझ्या माहेरचे अस्के, एकूणएक, बुटकेच," म्हणाल्या. पुढे तीन वर्षं कुणीही विषय काढला की त्या हेच सांगत. बाप सहा फूट होता हो, पण मामावर गेला, माझ्या भावांवर गेला. भिंतीवरच्या आपल्या वडलांच्या फोटोकडे त्या अशा रागाने बघत, की किट्टूला दोनदा खरं सांगून टाकावंसं वाटलं. दोन्ही वेळा त्याने एक कप कापी मागितली.

आता तो दर रविवारी एका मॉलमधल्या छोट्याशा बर्फाच्या रिंगणात मुलांना शिकवतो. रिंगण लग्नाच्या हॉलएवढं. माणसं माकडटोप्या घालून, प्लास्टिकच्या पेंग्विनला धरून चालतात. तिथे त्याची तनया नावाची नऊ वर्षांची शिष्या आहे. तिची आई चित्रा पुण्याची, नोकरी इथल्याच शोळिंगनल्लूर भागात. बोलताना श्वास घेत नाही. यंदा दसऱ्याच्या आधीच्या रविवारी तिने विचारलं, "सर, तनयाचे नवे स्केट्स दसऱ्याला पूजेत ठेवते हं मी, म्हणजे आमच्याकडे असतंच ना ते, आणि इथे तर काय, लिंबूबिंबू पण फोडतात, किती छान ना?"

"ठेवा की मॅडम," किट्टू म्हणाला. "पण कोरडे ठेवा. चंदन नको, कुंकू नको. आणि लिंबू तर नकोच. एक रात्र लिंबू राहिलं की धार खलास."

"अय्या. अनुभव दिसतोय."

"माझीच गेली. आखातातल्या क्लबच्या चाचणीच्या आदल्या रात्री."

"बाप रे. लिंबू फोडलं कुणी पण?"

किट्टू उत्तर द्यायला वळला. कठड्यापाशी राजसबाई उभ्या होत्या. हातात त्याचा विसरलेला डबा. दोन बस बदलून त्या पहिल्यांदाच तिथे आल्या होत्या.

"सांबारभात आहे," त्या म्हणाल्या. "येवढ्या हिंवात स्वेटर घालत नाहींस का?"

मग त्या बाकावर पदर अंगाभोवती घेऊन शिकवणी संपेपर्यंत बसल्या. परतीची बस अडयार नदीच्या पुलावर आली. तिथे त्या म्हणाल्या, "उंची नव्हे?"

"उंचीही होती, अम्मा."

त्यांनी खिडकीकडे तोंड केलं.

आयुधपूजेला त्यांनी विळी मांडली, शिलाईयंत्र मांडलं, खाली जाऊन स्कूटरला हार घातला. पाटाच्या एका कोपऱ्यात जागा मोकळी सोडली. किट्टूने आतून स्केट्स आणले आणि त्या जागी ठेवले.

"नको," राजसबाई म्हणाल्या.

"लाव चंदन, अम्मा. आता कोठें जायचं आहे त्यांना."

त्याला आईची समजूत घालायची होती. शब्द बाहेर पडले आणि खोलीत तसेच उभे राहिले.

राजसबाईंच्या बोटावरचं चंदन वाळून पांढरं झालं. त्यांनी ते पदराला पुसलं, कोरडं फडकं घेतलं आणि पाती पुसू लागल्या. पात्यांवर काहीच नव्हतं, तरी पुसत राहिल्या, एक, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं. मग मुलाला करताना पाहिलं होतं तसं अंगठ्याचं नख पात्यावरून ओढलं. काळ्याभोर पाटावर चिमूटभर पांढरी भुकटी पडली.

"येवढी धार," त्या म्हणाल्या, "अजून कशाला लावून ठेवतोस रे?"

खाली नारायणस्वामींनी घसा साफ केला. कुणी नवा भाडेकरू आला असावा, तो विनोद अजून न ऐकलेला.