सकाळची दोन वाक्यं

आई जानेवारीत गेली आणि मंजुषाच्या सकाळी रिकाम्या झाल्या. अकरा वर्षं तिनं आईला उठवलं, धुतलं, भरवलं होतं. दुपारनंतर ती औषधांच्या दुकानात बसायची, पण तोवरचा वेळ सिडकोतल्या त्या दोन खोल्यांत सरता सरेना.

बातम्यांतून इंग्रजी शिकवणारा एक वर्ग तिला मोबाइलवर सापडला. प्रेरणा मॅडम दोघादोघांच्या जोड्या लावायच्या. जोडीनं रोज फोनवर पेपरातली दोन वाक्यं सोडवायची. मंजुषाच्या वाट्याला वेरूळचा पुंडलिक आला. त्याला लेण्यांवर गाइड व्हायचं होतं.

"ताई, घ्या. द पाइपलाइन व्हिच वॉज रिपेअर्ड ऑन मंडे बर्स्ट अगेन ऑन ट्यूजडे. क्रियापद वॉज रिपेअर्ड."

"ते मधल्या उपवाक्याचं झालं. पाइपलाइननं शेवटी केलं काय?"

"फुटली!" तो हसला. "बर्स्ट. लई फसवतंय बघा हे व्हिच."

फोन पंधरा-वीस मिनिटांचा. कुठं राहता, घरी कोण, हे त्यानं कधी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. पण हळूहळू, फोनवर चेहरे दिसत नसूनही, ती फोनच्या आधी केस विंचरून बसू लागली.

एकदा जूनमध्ये तिनं पेपर उघडलाच नाही. म्हणाली, "आजचं वाक्य : माय मदर डाइड इन जॅन्युअरी."

"मदर कर्ता. डाइड क्रियापद. कर्म नाय, लागतबी नाय. इन जॅन्युअरी म्हंजे कधी ते. सोपं हाय, ताई. कोणत्या पेपरातलं?"

"पेपरातलं नाही."

पलीकडं पेपराची घडी घातल्याचा आवाज आला. मग तो चाचरत म्हणाला, "चहा झाला का, ताई?"

"झाला," ती म्हणाली. झाला नव्हता.

त्यानंतर तो रोज चहाचं विचारायचा. पावसाळा सरता सरता तो गाइडची परीक्षा पास झाला. दिवाळीनंतर पर्यटक वाढले, तसे फोन आठवड्यावर गेले आणि मग थांबले. मॅडम दुसरी जोडी लावून देते म्हणाल्या. मंजुषा नको म्हणाली.

एका गुरुवारी ती एसटीनं वेरूळला गेली. कैलास लेण्यात शिरताच तिला त्याचा आवाज ऐकू आला. सडपातळ, पिकल्या मिशांचा माणूस वीसेक जणांना इंग्रजीतून समजावत होता, हे देऊळ वरून खाली कोरत आणलं. वाक्यं लांब होती, पण कुठं अडखळत नव्हता. ती घोळक्याच्या मागं उभी राहिली.

"एनी क्वेश्चन, मॅडम?" त्यानं थेट तिच्याकडं बघून विचारलं.

मंजुषानं इंग्रजीतच विचारलं, वरून कोरताना चूक झाली तर काय करत असतील? तो छान हसला, त्यानं इंग्रजीतच उत्तर दिलं आणि तो पुढच्या खांबाकडं वळला. एवढे महिने ते इंग्रजीबद्दल बोलले होते, पण मराठीतून. तिचा इंग्रजीतला आवाज त्यानं वाक्य वाचण्यापुरताच ऐकला होता.

मी मंजुषा, एवढंच म्हणायचं होतं. घोळका पुढं सरकला. ती तिथंच थांबली.

परतीच्या बसची वाट बघताना तिनं रस्त्यावरच्या बाईकडून किलोभर पेरू घेतले. घरी येऊन एक खाल्ला. गोड होता. उरलेले तिनं परातीत मांडून ठेवले. दोन दिवसांत सगळ्या घरभर त्यांचा वास भरला.