पिवळ्या पट्ट्यावर काढलेलं घड्याळ

"तुमचा वीकनेस काय?" हे मी पुरतं विचारायच्या आत समोरचा मुलगा म्हणाला, "सर, मी परफेक्शनिस्ट आहे. काम परफेक्ट झाल्याशिवाय मला चैन पडत नाही."

सकाळपासूनचा हा सहावा परफेक्शनिस्ट. याच्या रेझ्युमेवर स्वतःच्या कॉलेजचं स्पेलिंग चुकलं होतं.

चाकणला आमचा कारखाना आहे. गाड्यांचे हेडलॅम्प बनवतो. मी तिथे क्वालिटी हेड. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढण्याचा पगार घेतो. सव्वीस वर्षं घेतोय, त्यामुळे ही सवय आता घरीही सुटत नाही. दरवर्षी आम्ही नुकत्याच इंजिनिअर झालेल्यांमधून एकदोन ट्रेनी घेतो. त्या वर्षी जागा एकच होती आणि बोलावले होते अकरा जण. पॅनेलवर मी आणि एचआरच्या अभ्यंकर मॅडम.

बाराच्या सुमारास चहासाठी उठलो, तर बाहेरच्या खुर्चीवर कुणीतरी विसरलेली एक पुस्तिका दिसली. कासारवाडी स्टेशनजवळच्या कुठल्याशा इंटरव्ह्यू क्लासची. झेरॉक्स पानं, वर स्पायरल बाइंडिंग. आत प्रत्येक कंपनीला वेगळं पान. आमचं पान काढलं आणि हातातला चहा गार झाला. माझे सातही प्रश्न, मी विचारतो त्याच क्रमाने, उत्तरांसकट. खाली सूचना: 'क्वालिटीचे सर चष्म्यावरून बघतात, घाबरू नये. वीकनेस परफेक्शनिस्ट सांगणे. मध्येच हसू नये, सरांना आवडत नाही.'

राग आला, पण क्लासवाल्याचा नाही. पंधरा वर्षं तेच सात प्रश्न विचारणाऱ्या माणसाचं गाइड निघणार नाही तर काय होणार?

मी पान मॅडमपुढे ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "माझ्याबद्दल काहीच नाही का?"

चहानंतरची पहिली उमेदवार वैशाली. मूळची बीडकडची, चऱ्होलीला भावाकडे राहणारी. तीही परफेक्शनिस्ट निघाली. फक्त हे सांगताना तिने खाली बघितलं. बारावी आणि डिग्री यांच्यामध्ये दोन वर्षं रिकामी होती. मॅडमनी कारण विचारलं.

"वडिलांची तब्येत, मॅम. मी त्यांच्याजवळ होते."

उत्तर इतकं गुळगुळीत होतं की मी टेबलाखाली पुस्तिका उघडली. होतंच तिथे. 'गॅप असल्यास वडिलांची तब्येत. वडील नसल्यास आजी.' मी तिच्या नावावर पेन्सिलने काट मारली.

जेवणानंतर सगळ्यांना शॉपफ्लोअर दाखवायचा रिवाज आहे. म्हणजे जिथे प्रत्यक्ष माल बनतो ती जागा. त्यात परीक्षा वगैरे काही नसते, कंपनी जरा मिरवून घेते. फिरवायचं काम लाईनच्या सुपरवायझरचं, येळवंडे मामांचं. चाकणचेच. रिटायरमेंटला आलेत, पण माल डोळ्यांनी नुसता चाळला तरी खराब पीस त्यांना दिसतो.

आमच्या फ्लोअरवर एक पिवळा पट्टा आखलेला आहे. पट्ट्याअलीकडे पाहुणे, पलीकडे लाईन. त्या दिवशी मामा सगळ्यांना घेऊन पलीकडे गेले, मी मागोमाग होतो. मुलं गळ्यातले पास झुलवत, अंगठ्या आणि कडी चमकवत गेली. वैशाली पट्ट्याशी थांबली. मनगटावरचं घड्याळ काढून तिने खिशात टाकलं, पास कुर्त्याच्या आत सरकवला आणि मग पाऊल टाकलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. घड्याळाचा पट्टा किंवा पासची क्लिप काचेला घासली की चरा पडतो आणि पीस रिजेक्ट होतो. हे लाईनवर काम केलेल्यालाच माहीत असतं.

पुढे मामांनी ट्रेमधून रिफ्लेक्टर बाहेर काढला. रिफ्लेक्टर म्हणजे हेडलॅम्पच्या आतली चकचकीत वाटी. तिच्या आतल्या बाजूला बोट लागलं की ती बाद. पहिल्या मुलाने अंगठा थेट आत घालून ती धरली, त्यात स्वतःला पाहिलं आणि केस सारखे केले. मामांनी ती निमूटपणे त्याच्या हातातून घेऊन लाल डब्यात टाकली. लाल डबा रिजेक्ट मालाचा. दुसरी वाटी फिरत फिरत वैशालीकडे आली. तिने ती कडेने दोन्ही हातांनी धरली, ट्यूबलाइटखाली तिरकी केली आणि कुणाला न विचारता लाल डब्यात ठेवली. मी ती उचलून पाहिली. कडेला मोहरीएवढं कोटिंग सुटलेलं होतं. मला ते चष्मा पुसल्यावर दिसलं.

मामा माझ्या कानाशी आले. "साहेब, ही पोरगी लाईनची हाय. असं शिकून येत न्हाई."

मी तिला बाजूला घेतलं. "कुठल्या कंपनीत होतीस?"

"कुठेच नाही, सर. वडिलांची तब्येत..."

"आता कसे आहेत वडील?"

"ठणठणीत आहेत, सर. काल मोंढ्यावर माल विकायला गेले होते." मग एकदम बोलली, "ती दोन वर्षं मी म्हाळुंग्याला होते. लॅम्पच्याच लाईनला. ऑपरेटर."

ऑपरेटर म्हणजे लाईनवर उभं राहून पार्ट जोडणारा. ट्रेनी इंजिनिअर त्याच्या मागे उभा राहून ते लॅपटॉपवर लिहितो.

"मग लिहिलं का नाहीस?"

"क्लासच्या सरांनी खोडलं. म्हणाले, ऑपरेटर लिहिलंस की ऑपरेटरच ठेवतात."

"आणि आज नाही झालं तर?"

"तर सोमवारपासून परत तिथंच. सुपरवायझरनी फर्स्ट शिफ्ट लावून पण ठेवलीय. चार वर्षं शिकून त्याच जागेवर उभं राहायचं, सर. भाऊ म्हणतो, एवढंच होतं तर शिकलीस कशाला."

मी तरातरा केबिनमध्ये आलो, मॅडमना सगळं सांगितलं आणि म्हणालो, जागा वैशालीची.

"मुलगी हुशार आहे, सर," मॅडम म्हणाल्या, "पण ऑपरेटर बॅकग्राउंड आहे म्हणता. तसे रेझ्युमे आपण आधीच वेगळे काढतो."

"हा नियम कुणी काढला?"

"तुम्ही. तीन वर्षांपूर्वी. मेल आहे माझ्याकडे."

मेल खरंच होता. 'लाईनवरून आलेले उमेदवार लाईनची बाजू घेतात, ट्रेनीसाठी विचार करू नये.' खाली माझं नाव, हुद्दा आणि रिगार्ड्स. मला लाज वाटली, हे सरळच सांगतो. प्रत्येक इंटरव्ह्यूच्या सुरुवातीला मी म्हणतो, आम्हाला शॉपफ्लोअरची आवड असलेली माणसं हवीत. आणि ती माणसं खालच्या खाली गाळायची व्यवस्था मीच करून ठेवली होती. क्लासवाल्याला माझी कंपनी माझ्यापेक्षा जास्त कळली होती.

"तिनं आपल्याला खोटं सांगितलं, सर," मॅडम हळूच म्हणाल्या.

"आपणच सांगायला लावलं, मॅडम."

नियम रद्द केल्याचा मेल मी तिथेच बसून टाकला. सोमवारी वैशाली फर्स्ट शिफ्टलाच आली, पण आमच्याकडे, ट्रेनीचा निळा कोट घालून. दुसऱ्याच महिन्यात तिने रिफ्लेक्टर ट्रेमध्ये पालथे ठेवायला लावले. सरळ ठेवले की घाईत उचलणाऱ्याचा अंगठा आतच जातो, हे तिला माहीत होतं. मी इतकी वर्षं अंगठेवाल्यांना मेमो देत होतो.

पण त्या राउंडला बाकीचे दहा जणही होते. कुणाला घेतलं आणि तिनं काय केलं होतं, हे कासारवाडीला पोचायला वेळ लागला नाही. पुढच्या वर्षी मी सातही प्रश्न बदलून बसलो होतो. जेवणानंतर मामा नवीन मुलांना घेऊन पट्ट्यापाशी गेले, तर सगळेच्या सगळे थांबले आणि एकसाथ घड्याळं काढून खिशात टाकायला लागले. मामांनी माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवून हसून घेतलं. एकाकडे घड्याळच नव्हतं. त्याने शेजाऱ्याचं नुकतंच काढलेलं घड्याळ मागून घेतलं, मनगटावर चढवलं आणि परत काढलं.

वैशाली लाईनजवळ उभी होती. तिने त्याला विचारलं, "घड्याळ का काढलं?"

"रिस्पेक्ट म्हणून, मॅडम."

"कुणाचं आहे ते?"

तो घुटमळला. "मित्राचं. माझ्याकडे नाहीये. पुस्तिकेत काढा म्हणून लिहिलंय, म्हणून काढलं."

संध्याकाळी ती केबिनमध्ये आली. "सर, त्या मुलाला घेऊ या. सबंध दिवसात तोच एक खरं बोलला."

घेतला. चांगलं काम करतो. पुढच्या पुस्तिकेत आमच्या पानावर काय छापलेलं असेल, ते मला आजच माहीत आहे. 'घड्याळ मित्राचं आहे, असे सांगणे.'